बर्फ, बॅग आणि शंभर टँकर

"यंदा काहीही होवो, मी बर्फ बघणार म्हणजे बघणार!"

ऑक्टोबर हीट, लाईट गेलेली, आणि सुकापूरच्या आमच्या बाल्कनीत पुठ्ठ्याने वारा घेत मी केलेली ही भीष्मप्रतिज्ञा. नवरा शेजारीच बसला होता. त्याने नुसतं "हं" केलं. त्या "हं"मागे मोठा इतिहास आहे.

तिशी जवळ आली तरी मी बर्फ पाहिलाय तो फक्त मच्छी मार्केटमध्ये आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. हनीमूनला मनालीला जायचं ठरलं होतं, पण ऐनवेळी सासूबाईंचं ऑपरेशन निघालं आणि आम्ही महाबळेश्वरवर भागवलं. मग जानेवारी २०२४ साठी गुलमर्गचं बुकिंग केलं. हातमोजेसुद्धा घेऊन ठेवले होते. आणि नेमकं त्याच महिन्यात गुलमर्ग कोरडं पडलं! जिथे लोकांनी स्कीइंग करायचं, तिथे टीव्हीवर पिवळं गवत दिसत होतं. आम्ही बुकिंग रद्द केलं, अर्धे पैसे बुडाले, हातमोजे माळ्यावर गेले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुरेसा बर्फ नाही म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाच पुढे ढकलाव्या लागल्या. नंतर एप्रिलमध्ये पहलगामची ती बातमी आली. तो शोक थेट आमच्या पनवेलपर्यंत पोचला. आईने एवढंच सांगितलं, "इतक्यात काश्मीर नको गं." मी वाद घातला नाही.

उरलं औली. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वर, साधारण अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर. समोर नंदादेवी, उतारावर बर्फ, शिकाऊ लोकांसाठी गढवाल मंडल विकास निगमचे स्कीइंगचे कोर्स. ठरलं! आणि योग बघा, आठ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. आता घरातून निघायचं, रिक्षाने विमानतळ गाठायचा, देहरादूनला उतरून टॅक्सी करायची. मी लंच टाइममध्ये सगळ्यांना हा प्लॅन ऐकवला.

इथेच माशी शिंकली.

ऑफिसातल्या 'ग्रीन टीम'ची मी मेंबर आहे. पेपर कप बंद करून सगळ्यांना आपापला मग आणायला लावणारी ती खडूस बाई म्हणजे मीच. पलीकडच्या टेबलावरचा एकजण शांतपणे म्हणाला, "म्हणजे आम्ही मग धुवायचे, आणि तू विमानाने जाऊन हिमालयात घसरगुंडी खेळायची?"

सगळे हसले. मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना.

मग काय, रोज रात्री जेवणं झाली की मी अभ्यासाला बसायला लागले. स्कीइंग हा खेळ दिसतो तितका पांढराशुभ्र नाही, हे हळूहळू कळत गेलं. बर्फ कमी पडला की जगभरची स्की रिसॉर्ट्स मशीनने बर्फ बनवतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर जवळजवळ सगळा बर्फ कृत्रिम होता. औलीतही अशी यंत्रं आहेत. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी ती बसवली गेली आणि त्यांना पाणी पुरवायला वर कृत्रिम तलावही बांधला गेला. एक हेक्टर उतारावर फूटभर जाडीचा असा बर्फ अंथरायचा तर सुमारे दहा लाख लिटर पाणी लागतं.

दहा लाख लिटर! हा आकडा पुण्या-मुंबईच्या माणसाला नुसता आकडा वाटेल. सुकापूरकराला नाही. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो, तेव्हा अख्खी बिल्डिंग खाली बघत उभी असते. असे शंभर टँकर लागतील, तेव्हा कुठे एक हेक्टर पांढरा होणार! शिवाय पंप चालवायला वीज लागते ती वेगळीच. बरं, हवा पुरेशी थंड नसेल तर मशीन असूनही उपयोग शून्य.

आणि मग जोशीमठ. जानेवारी २०२३ मधल्या त्या बातम्या आठवतात? घरांच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा, थंडीत घराबाहेर काढलेली माणसं. २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटीमीटर खचल्याचं इस्रोच्या उपग्रह चित्रांवरून समोर आलं होतं. जोशीमठ-औली रोपवेही तेव्हा बंद करावा लागला. वाईट याचं वाटलं, की हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. हे गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलंय, इथे जड बांधकामं करू नका, उतारावरचे दगड काढू नका, झाडं तोडू नका, असं मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगून ठेवलं होतं. जवळच्याच रैणी गावात १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडांना मिठ्या मारून जंगलतोड थांबवली होती. म्हणजे बायकांनी सांगून झालं, समितीने सांगून झालं. तरी हॉटेलं चढतच राहिली.

हे वाचताना माझी नजर सारखी बाल्कनीबाहेर जात होती. बाबांनी हा फ्लॅट घेतला तेव्हा समोर भातशेती होती आणि पलीकडे अख्खा प्रबळगड दिसायचा. पावसाळ्यात त्याच्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा मी मोजायचे. आता दोन टॉवर्सच्या फटीतून गडाचा जेमतेम एक तुकडा दिसतो. ज्या विमानतळावरून मी उडणार होते, त्याच्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, तीही आमच्या डोळ्यांसमोर. मी काही विमानतळाच्या विरोधात मोर्चा काढला नव्हता. उलट फ्लॅटचे भाव वाढले म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. मग जोशीमठच्या लोकांना कुठल्या तोंडाने शिकवायचं?

शेवटी मी जाहीर केलं, "आपण जायचंच नाही."

नवऱ्याचा पारा चढला. "दोन वर्षं तू बर्फ बर्फ करतेयस! आणि आपण दोघं घरी बसलो म्हणून हिमालय वाचणार आहे का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री आम्ही एकमेकांशी फार बोललो नाही.

उत्तर मिळालं ते फोनवर. औलीच्या रस्त्यावर होमस्टे चालवणाऱ्या एका बाईंशी माझं आधी एकदा बोलणं झालं होतं. खोली नको, हे कळवायला मी परत फोन केला. कारण विचारल्यावर माझ्या मोडक्या हिंदीत सगळं रामायण सांगितलं. पाणी, भेगा, विमान, अपराधीपणा... त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बेटी, दरार तो मेरी दीवार में भी है। तुम नहीं आओगी तो दीवार जुड़ जाएगी?"

मी गप्प.

त्यांचा मुलगा दिल्लीत नोकरीला आहे. इथे काम असतं तर तो गेलाच नसता, म्हणाल्या. त्या २०२३ च्या हिवाळ्यात सगळी बुकिंग्ज धडाधड रद्द झाली, तो सीझन त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. लोक आल्याचा त्यांना त्रास नाही. त्रास होतो तो एका रात्रीसाठी येणाऱ्यांचा. गाडी वरपर्यंत दामटायची, गरम पाणी बादल्या बादल्या मागायचं, मॅगीची पाकिटं बर्फात टाकायची, आणि बर्फ नसला तर शिव्या घालून त्याच दिवशी निघून जायचं. "बर्फ होगी तो स्की करना, नहीं होगी तो पैदल घूमना। राजमा तो दोनों हाल में मिलेगा," त्या हसत म्हणाल्या.

फोन ठेवला आणि वाटलं, अरे, माझा प्रश्नच चुकला होता! जायचं की नाही, यावर मी अडून बसले होते. खरं तर विचार करायला हवा होता तो कसं जायचं आणि किती दिवस राहायचं, याचा.

मग आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. विमानाने गेलं तर सहा दिवसांची ट्रिप, औलीत जेमतेम दोन दिवस, आणि चार रजा. रेल्वेने गेलं तर? पनवेलहून मंगला एक्सप्रेस रोज निजामुद्दीनला जाते. शनिवारी निघायचं, रविवारी दिल्ली, तिथून रात्रीपर्यंत हरिद्वार. सोमवारी पहाटेच्या बसने जोशीमठ. हा डोंगरातला रस्ता पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पूर्ण दिवस जाणार. वर शेअर जीपने जायचं. मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस औलीत, शनिवारी खाली, आणि येताना तोच मार्ग. मंगळवारी सकाळी पनवेल स्टेशनवरून तडक ऑफिस! रजा किती? सहा. फरक अवघ्या दोन रजांचा, आणि औलीतले दिवस दुप्पट. विमानाचे वाचलेले पैसे होमस्टेच्या जास्तीच्या रात्रींना जाणार. हा हिशोब बघून नवऱ्याचं "हं" पहिल्यांदाच खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत गेलं.

बॉसने मात्र भुवया उंचावल्या. "हल्ली चोवीस तास ट्रेनमध्ये कोण बसतं?" मी म्हटलं, "सर, लॅपटॉप नसलेले चोवीस तास मला गेल्या तीन वर्षांत मिळालेले नाहीत." रजा मंजूर झाली. कशामुळे ते अजून कळलेलं नाही.

आता बॅग भरणं चाललंय. नवीन काही घ्यायचं नाही, हा नियम. जाड जॅकेटं पुण्याच्या मावसभावाकडून उसनी आणली. आयुष्यात एकदा वापरून माळ्यावर टाकायला कशाला घ्यायची? स्की, बूट, पोल्स तिथेच भाड्याने. स्टीलच्या बाटल्या दोन. रिकामी पाकिटं आणि रॅपर्स परत आणायला एक वेगळी पिशवी, कारण डोंगरावर घंटागाडी येत नाही. होमस्टेवाल्या बाईंना कळवून टाकलंय की पनीर-बटर-मसाला नको. मंडुव्याची भाकरी, गहतची डाळ, जे घरात शिजतं तेच द्या. अंघोळीला माणशी एक बादली. यावरून नवऱ्याने कुरकुर केली, पण फेब्रुवारीत औलीला गेल्यावर अंघोळ नको असं तोच म्हणणार, याची मला खात्री आहे!

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बर्फ पडो न पडो, बुकिंग रद्द करायचं नाही. यावर आम्ही दोघांनी अक्षरशः हात मिळवलेत. बर्फ नसेल तर गोरसोंच्या बुग्यालपर्यंत, म्हणजे वरच्या गवताळ कुरणापर्यंत चालत जाऊ. मशीनचा बर्फ करा म्हणून कुणाच्या मागे लागायचं नाही. २०२४ मध्ये गुलमर्गचं बुकिंग रद्द करताना माझ्या मनात फक्त माझे बुडालेले पैसे होते. त्या दिवशी पलीकडे कुणाचा तरी अख्खा सीझन बुडत होता, हे तेव्हा सुचलंच नव्हतं.

हे सगळं करून हिमालय वाचेल का? नाही वाचणार. आमच्या दोन तिकिटांनी हवेत काही डोळ्यांत भरेल असा फरक पडणार नाही, इतपत गणित मलाही येतं. पण ज्या घरात आपण पाहुणे म्हणून जाणार, तिथे निदान पाहुण्यासारखं वागता येतं. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

परवा ऑफिसमध्ये त्या टोमणेवाल्या महाशयांना आमचा नवा प्लॅन सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला, आपला मग उचलला, आणि म्हणाले, "ट्रेनचा नंबर काय म्हणालीस?"

माळ्यावरचे हातमोजे मी काल खाली काढले. दोन वर्षांची धूळ झटकून बाल्कनीत वाळत घातलेत. टॉवर्सच्या फटीतून दिसणाऱ्या प्रबळगडाच्या तुकड्यासमोर ते मस्त डुलतायत. बाहेर बत्तीस डिग्री आहे, आणि शेजारच्या काकू मघापासून विचारतायत, "अगं, कुणाला एवढी थंडी वाजतेय?"