पंधरा, उणे सहा

स्नोबोर्डच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, 'रेग्युलर की गूफी?' रेग्युलर म्हणजे डावा पाय पुढे, गूफी म्हणजे उजवा. नवख्यांना उत्तर सुचत नाही. मला लगेच सुचलं. सांगलीत कबड्डी खेळायचे तेव्हा चढाईला माझा उजवा पायच पुढे असायचा.

त्याच कबड्डीत डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनला आता तीन वर्षं झाली. नोकरीसाठी डेन्व्हरला आल्यावर डॉक्टरांनी बर्फावर जायला होकार दिला, पण बजावलं, 'गुडघा पंजाच्या रेषेत राहू दे. पुन्हा पिरगळला तर खेळणं विसर.'

म्हणून जुना बोर्ड विकत घेतला आणि बाइंडिंग घरीच लावायला बसले. बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणारा पट्ट्यांचा साचा. त्याच्या मधोमध एक गोल चकती असते, ती चार स्क्रूंनी बोर्डावर बसते. स्क्रू ढिले केले की बाइंडिंग चकतीभोवती फिरतं, एक खाच म्हणजे 3 अंश. पाय बोर्डाला काटकोनात असला की शून्य. बोटं पुढच्या टोकाकडे वळली की अधिक, मागच्या टोकाकडे वळली की उणे. बरेच जण अधिक 15 आणि उणे 15 ठेवतात, बदकाच्या पायांसारखे.

1965 साली मिशिगनमध्ये शेर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की जोडून 'स्नर्फर' बनवला, तेव्हा बाइंडिंग नव्हतंच. पुढे नुसती दोरी, पाय मोकळे. पाय बांधल्यावर बोर्डावर ताबा आला, पण न मानवणारा कोनही दिवसभर पायाला बांधलेला राहू लागला.

आपला कोन काढायची युक्ती सोपी आहे. डोळे मिटून जागच्या जागी उडी मारायची आणि उतरल्यावर पाय बघायचे. मी तीनदा मारली. उजवा पाय तिन्ही वेळा छान बाहेर वळलेला, डावा जेमतेम. व्हिडिओ कॉलवर आई बघत होती. 'अगं, पाय बांधून घसरायचं कशाला?' मी म्हटलं, 'त्याचाच तर हिशेब चाललाय.'

उणे 15 वर उभी राहून गुडघे वाकवले, तर डावा गुडघा अंगठ्याच्या आत पडत होता. तीन खाचा मागे घेतल्या, उणे 6. आता तो बरोबर पंजावर आला. पुढचा पाय 15 वरच ठेवला. मग बूट अडकवून बोटांकडून आणि टाचेकडून तो सारखाच बाहेर येतो ना, ते पाहिलं. एका बाजूला जास्त आला तर वळताना बर्फाला घासतो.

लव्हलँडच्या उतारावर दोन फेऱ्यांनंतर मांड्या भरून आल्या. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पायांमधलं अंतर 56 वरून 54 सेंटीमीटर केलं आणि सगळे स्क्रू पुन्हा आवळले. नव्याने लावलेले स्क्रू पहिल्या दिवशी हमखास ढिले होतात, एवढं तुम्हीही लक्षात ठेवा.

घरी येऊन गुडघ्याला हात लावून पाहिला. सूज नव्हती. कबड्डीच्या मैदानावर मी आता परत जाणार नाही, हे मला माहीत आहे. पुढच्या शनिवारी मात्र डोंगरावर जाणार आहे. 15, उणे 6, 54 हे आकडे बोर्डाच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेत.