महाडचे पाणी आणि आपली बाटली

दरवर्षी २० मार्चला महाडला जायचे, हा आमच्या वस्तीचा जुना शिरस्ता. महिनाभर आधी विहारात वर्गणी जमते, गाडी ठरते. आदल्या रात्री भाकऱ्या, चटणी, उकडलेली अंडी यांची गाठोडी बांधली जातात. पहाटे महाडात उतरायचे, चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी हाती घ्यायचे, क्रांतिस्तंभाला वंदन करायचे आणि संध्याकाळी परतीची गाडी धरायची. इतकी वर्षे आम्ही महाड पाहिले ते असे, गर्दीच्या खांद्यांवरून.

यंदा आमच्यातल्या एका आजींचा पाय मुरगळला आणि आम्हा आठ-दहा जणांना मुक्काम करावा लागला. त्यामुळे २१ तारखेचे महाड आम्हाला प्रथमच दिसले. जे दिसले ते आपल्या कुटुंबांपुढे मांडावे, म्हणून हा लेख.

सकाळी सहाच्या सुमारास आम्ही तळ्याकडे निघालो. आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे आता शांतता होती. आणि जिकडे पाहावे तिकडे बाटल्या होत्या. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, पत्रावळ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, चहाचे पेले. सफाईचे काम करणाऱ्या दोन भगिनी ते सारे झाडूने एका जागी ओढत होत्या. आमच्यातल्या एका बाईंनी त्यांना "जयभीम ताई" म्हटले. त्यांनीही "जयभीम" म्हटले आणि हसून म्हणाल्या, "काल तुमचा दिवस होता, आज आमचा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण आम्हाला मान वर करता येईना.

वाचक बंधू-भगिनींनो, हे कोणते ठिकाण आहे ते आठवा. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. त्याला धरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. परंतु ते कागदावर. प्रत्यक्षात तळ्याला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. १९ मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा आलेल्या लोकांची तहान भागवण्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळे समोर भरलेले, आणि आपली माणसे पाणी विकत घेत होती! दुसऱ्या दिवशी परमपूज्य बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. न्यायालयातली लढाई पुढे दहा वर्षे चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

आज त्याच तळ्याकाठी आपण पाण्याची बाटली विकत घेतो, अर्धी पितो आणि तिथेच टाकतो. तेव्हा पाणी विकत घेणे ही लादलेली लाचारी होती. आज ती आपण लावून घेतलेली सवय आहे. आणि तो केर उचलायला पुन्हा कोण येते? बहुतेक गावांत झाडू अजूनही कोणाच्या हाती आहे, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

दुपारी आम्ही गांधारपाले लेण्यांवर गेलो. महाडपासून ती अगदी जवळ, मुंबई-गोवा महामार्गावरूनच डोंगरात दिसतात. पायऱ्या चढताना दम लागतो, पण वर गेल्यावर वारा असा येतो की शीण निघून जातो. खाली गांधारी आणि सावित्री या नद्या, भाताची खाचरे आणि मधोमध महाड. इथल्या एका शिलालेखात राजकुमार कानभोज वेण्हुपालित याने दिलेल्या दानाची नोंद आहे. लेणे, चैत्यगृह, भिक्खूंसाठी आठ खोल्या, दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी आणि लेण्याकडे येणारी वाट. आम्ही मुलांना ते समजावून सांगितले. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे घर, पाणी आणि रस्ता!" पोरीने नेमके सांगितले. माणसे एकत्र राहायची तर आधी निवारा, स्वच्छ पाणी आणि चालायला वाट लागते, हे आपल्या धम्माच्या दानशूरांना अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी कळले होते. गावाचा विकास म्हणतात तो याहून फार वेगळा नाही.

महाड हे लहान गाव आहे. एकेकाळी बाणकोटच्या खाडीतून इथवर गलबते येत. आज जवळच औद्योगिक वसाहत आहे. रासायनिक कारखान्यांनी हातांना काम दिले, त्याबरोबर सांडपाण्याची काळजीही दिली. आणि पावसाळा आला की गाव आभाळाकडे पाहते. सावित्री महाबळेश्वरावरून उतरते. वर धो धो पाऊस आणि खाली खाडीला भरती असली की पाण्याला जायला जागा राहत नाही. जुलै २००५ मध्ये तालुक्यात दरडी कोसळून अनेक कुटुंबे गेली. जुलै २०२१ मध्ये बाजारपेठ बुडाली आणि तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. मुक्कामाच्या घरातल्या काकांनी भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर चढले होते ते दाखवले. हात त्यांच्या डोक्याच्या वर गेला. महापूर काही आपल्या बाटलीने येत नाही. पण तुंबलेले गटार पहिल्याच पावसात गरिबाच्या घरात पाणी आणते, आणि त्या गटारात आपली बाटली असते.

रात्री आम्ही बसून विचार केला. महाड आपली प्रेरणाभूमी आहे, पण ते तिथल्या माणसांचे राहते गावही आहे. आपण एक दिवस येतो, ते तीनशे पासष्ट दिवस राहतात. म्हणून पुढच्या वेळेसाठी आम्ही काही गोष्टी ठरवल्या. प्रत्येक घराने पाणी घरूनच न्यायचे, स्टीलच्या बाटलीत किंवा कळशीत. ताटल्या-पेले आपले. केर पिशवीत भरून परत आणायचा. आमच्यातल्या दहा तरुणांनी २१ तारखेला थांबून त्या भगिनींच्या बरोबरीने झाडू धरायचा. त्यात बायकांनी नव्हे, पुरुषांनी पुढे व्हायचे. आणि खरेदी करायची ती स्थानिक छोट्या विक्रेत्यांकडून, म्हणजे चार पैसे गावात राहतील.

हेच आपापल्या गावीही करता येईल. १९२४ सालचा ठराव कागदावर राहिला, कारण तो अमलात आणायला लावणारी माणसे सभागृहात पुरेशी नव्हती. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जातींना आणि स्त्रियांना राखीव जागा दिल्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांसाठी निम्म्या जागा आहेत. तिथे जाऊन नळ, गटार, संडास, सफाई कामगारांचे हातमोजे आणि पगार यांबद्दल विचारणे, हीसुद्धा चवदार तळ्याचीच पुढची पायरी आहे.

२० मार्च २०२७ ही सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होण्याची तारीख. शतकाच्या त्या टप्प्याला शोभेल असे आपले वागणे हवे. बाबासाहेबांनी आपल्याला पाणी मिळवून दिले. ते स्वच्छ ठेवणे आपल्या हाती आहे.

जयभीम!