पानाची पेटी

सिगार ओढणारा माणूस मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेला नाही. सोलापुरात कुणी ओढत असेलही, पण आमची त्याची गाठ पडण्याचे कारण नाही. तरीही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सिगारच्या पेटीविषयी जेवढे वाचले, तेवढे नेमलेल्या पुस्तकांविषयी वाचले असते तर आमच्या प्राध्यापकमंडळींना मोठे समाधान वाटले असते.

याचे मूळ इंग्रजीच्या तासात आहे. शेरलॉक होम्सची ओळख करून देताना सर म्हणाले, की हे गृहस्थ सिगार कोळशाच्या बादलीत ठेवीत आणि तंबाखू इराणी सपातेच्या चवड्यात! वर्ग हसला. मला मात्र आईची आठवण झाली. तंबाखूची अशी आबाळ तिच्या नजरेस पडती, तर होम्ससाहेबांची धडगत नव्हती. तास संपल्यावर मी सरांना विचारले, "सर, मग शहाणी माणसे सिगार कशात ठेवतात?" तेव्हा 'ह्युमिडॉर' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आतल्या हवेचा दमटपणा शेकडा सत्तरच्या आसपास राखणारी लाकडी पेटी. दमटपणा कमी झाला की पान तडकते, फार वाढला की बुरशी धरते.

पान तडकते! हे दोन शब्द मी कळत्या वयापासून ऐकत आले आहे.

कुंभारीच्या माळावर विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आमचे घर तिथलेच. वडील यंत्रमागावर जातात आणि आई विड्या वळते. विडीच्या बंडलावर आरोग्याला घातक असल्याची सूचना छापलेली असते. ती वाचता येणारी आमच्या घरातली पहिली व्यक्ती मी. आई खोकते तेव्हा मला ती सूचना आठवते. पण माझी फी त्याच बंडलांतून भरली जाते, हेही खरे.

तेंदूचे पान गोंदिया-गडचिरोलीकडच्या जंगलांत उन्हाळ्यात खुडतात. वाळून आलेले पान आई संध्याकाळी पाण्यात भिजवते, झटकते आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने ते कापायचे, सुपात घेऊन वळायचे, दोरा बांधायचा. सारे कौशल्य बोटांत असले, तरी बोटांना साथ पानाने द्यावी लागते. आणि आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात गोणपाट सकाळी दहालाच कोरडे पडते. दुपारी बाराच्या पानाची विडी वळताना कडेला चीर जाते. संध्याकाळी माल द्यायला गेले की तपासनीस ती विडी दोन बोटांनी उचलतो आणि बाजूला टाकतो. तिचे नाव 'छाट'. छाटीचे पैसे मिळत नाहीत आणि कमी पडलेले पान बाजारातून पदरच्या पैशाने आणावे लागते. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात माल नाकारण्यावरून होणाऱ्या तंट्याचा वेगळा उल्लेख होता. म्हणजे आईची ही तक्रार दिल्लीपर्यंत फार पूर्वीच पोचलेली होती! आणि त्या कायद्याच्या नावात विडी व सिगार शेजारी शेजारी बसल्या होत्या, तर मग सिगारची पेटी विडीच्या पानाला का चालू नये, असे माझ्या मनाने घेतले.

पेटी करायची ठरली, पण कशाची?

पुस्तकात एकच नाव पुन्हा पुन्हा येत होते: स्पॅनिश सीडर. याची मोठी गंमत आहे. हे झाड स्पेनचे नाही, ते मध्य व दक्षिण अमेरिकेचे. आणि ते सीडरही नाही. ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. ते ओलाव्याने फारसे फुगत नाही, त्याचा मंद वास तंबाखूला मानवतो आणि किडे त्यापासून थोडे दूर राहतात, म्हणून त्याचे एवढे कौतुक. याउलट आपला देवदार हा अस्सल सीडर. पण त्याचा तेलकट, उग्र वास पानात उतरेल. नाव खरे असून उपयोग नाही, असे माणसांच्या बाबतीतही आढळते. बाजारात ज्यांना सर्रास देवदारी खोकी म्हणतात, ती तर बहुधा चिडाची असतात आणि उन्हात त्यांना राळ सुटते. तीही बाद.

स्पॅनिश सीडरचा आपल्याकडचा जवळचा भाऊ म्हणजे तूण. मी वखारीत विचारायला गेले, तर मालकाने मला आपादमस्तक न्याहाळले आणि "कुणी पाठवलंय?" असे विचारले. मुलगी लाकूड घ्यायला येते, हेच त्यांना तुणीपेक्षा दुर्मीळ वाटले असावे. तूण नव्हतीच. आंब्याच्या फळ्या स्वस्त होत्या, पण आंबा ओलाव्याने वाकतो आणि त्याला भुंगा लवकर लागतो. प्लायवूडला आतल्या डिंकाचा वास. कडुनिंब मला फार आवडला होता; सिगारच्या खानदानी लाकडाचा तो गावाकडचा चुलत भाऊ! पण आईने ताजी कापलेली ढलपी नाकाशी धरली आणि म्हणाली, "हे कडू हाय गं. ओढणाऱ्याच्या तोंडात जाईल ना." पुढे बोलण्याची सोय राहिली नाही.

पत्र्याच्या डब्याचा पर्याय शेजारच्या मावशींनी सुचवला. त्या स्वतः तेलाचा डबा वापरतात. पत्रा ओलावा बाहेर जाऊ देत नाही, हे खरे. पण तो स्वतः ओलावा पिऊनही घेत नाही. रात्री झाकण गार झाले की आतून थेंब धरतात, ते पानावर पडतात आणि डाग उठतात. शिवाय गंज वेगळाच. लाकूड जादा ओलावा शोषते आणि हवा कोरडी पडली की परत देते. या देवघेवीसाठीच लाकूड हवे.

शेवटी जुन्या बाजारात मोडलेल्या सागवानी दाराच्या फळ्या मिळाल्या. नवा साग आम्हाला परवडणारा नव्हता, आणि जुनाच अधिक चांगला: जो आकसायचा तो कित्येक उन्हाळ्यांत आकसून चुकलेला, तेलकट वासही पुष्कळसा उडालेला. सुतारकाकांनी रंधा मारून दिला, सांधे मी त्यांच्या देखरेखीखाली बसवले. त्यांना आतून पॉलिश करायचे होते. "पोरी, उघडं लाकूड बरं दिसत नाही," असे ते दोनदा म्हणाले. पण पॉलिश केले की लाकडाची तोंडे बंद होतात आणि वास राहतो तो निराळाच. आत उघडेच ठेवले. ओलावा धरायला तळाशी कौलाचे दोन तुकडे भिजवून ठेवले आणि त्यांवर बांबूच्या कामट्यांची जाळी, म्हणजे पान पाण्याला टेकत नाही.

भूगोल विभागातून सरांच्या परवानगीने आर्द्रतामापक आणला. ते यंत्र खरे बोलते का, हे पाहण्याची एक युक्ती आहे. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते चिखलासारखे ओले करायचे आणि यंत्रासह घट्ट बरणीत ठेवायचे. बरणीतली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिरावते. आमचे यंत्र एकोणसत्तर दाखवत होते, म्हणून प्रत्येक वेळी सहा मिळवले. त्या हिशोबाने आमच्या ओसरीवर भर दुपारी चोवीस टक्के होते आणि पेटीत सत्तर.

सत्तर! सिगारचा आकडा आला. मी आईला हाक मारली. तिने पान काढले, दोन बोटांत वाकवले आणि काही न बोलता परत ठेवले. सत्तरला ते वाजत होते. सिगार तंबाखूच्याच मुरवलेल्या पानाची असते. ते मऊ राहते. हे जंगलातल्या झाडाचे पान, त्याची भूक मोठी. कौलांचे तुकडे चार केले, तेव्हा यंत्र पंच्याऐंशीच्या वर गेले आणि आईने पान वाकवून "हं" म्हटले. एवढ्या ओलीत चार दिवस ठेवले तर बुरशी ठरलेली. पण आमचे पान दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम करत नाही. तंबाखू मात्र या पेटीत ठेवायची नाही, असे आईने बजावले आहे. तिच्यासाठी कोरडा डबाच. तंबाखूला भोके पाडणारा तपकिरी किडा सिगारलाही लागतो, हे मी सांगितले, तेव्हा तिला साहेबलोकांविषयी प्रथमच थोडी आपुलकी वाटली.

जूनपर्यंत दुपारच्या पानाला चीर गेली नाही असे नाही. पण छाट पूर्वीच्या निम्म्यावर आली. आई त्या विड्या मोजून वेगळ्या ठेवी आणि मी वहीत आकडा लिही. पावसाळ्यात झाकण जरासे फुगले, तेव्हा कौलाचे तुकडे काढून टाकले. मावशींनी आपल्यालाही एक पेटी हवी म्हणून सांगितले आहे. जुन्या बाजारात आता त्या मापाचे दार नाही. एक खिडकी आहे, पण विक्रेता तिची किंमत रोज वाढवतो. त्याला माझी नड कळली आहे.