गोंडपिपरीचं प्लॅटिनम, एटापल्लीचं लोखंड

चंद्रपूरहून एटापल्लीला जायचं तर वाटेत गोंडपिपरी लागतं. आपण तिथे थांबतो ते चहापुरते. पण इथल्या जुन्या गॅब्रो आणि अल्ट्रामॅफिक खडकांत तांबं-निकेलच्या सल्फाइडांसोबत प्लॅटिनम गटातले धातू आहेत, हे भूवैज्ञानिक सर्वेक्षणवाल्यांनी केव्हाच शोधून ठेवलंय.

अल्ट्रामॅफिक म्हणजे सिलिका कमी, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असलेला काळपट, जडशीळ खडक. त्यात प्लॅटिनम दोन तऱ्हांनी सापडतं. एक, धातूच्याच रूपात. तेही बहुधा लोखंडाशी संगनमत करून! रशियात उरलच्या नद्यांच्या वाळूत मिळालेले गोळे असल्याच खडकांच्या झिजेतून आले. दुसरी तऱ्हा गंधकवाल्या खडकांतली: टेल्युरियम, बिस्मथ वगैरेंशी संयुग, आणि कण इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय पत्ता लागत नाही. गोंडपिपरीचे खडक या गंधकवाल्या घराण्यातले.

लोखंडाचं उलट. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला अख्खे डोंगर हेमटाइटचे आहेत, पण त्यात लोखंड ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेलं. ते सुटायला भट्टी लागते. अल्ट्रामॅफिक खडकात मात्र पाणी मुरून त्याचं सर्पेंटाइन होतं तेव्हा हायड्रोजन सुटतो, आणि त्या वातावरणात निकेल-लोखंडाचा अवारुआइट हा मिश्रधातू आपोआप तयार होतो. कोळसा नाही, भाता नाही. मला हे भारी वाटतं.

असो. मुद्दा हिशेबाचा आहे. सुरजागडच्या चांगल्या खनिजात निम्म्याहून जास्त लोखंड. तरी 2016 च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली सत्तरहून अधिक वाहनं जाळली, काम थांबलं, 2021 मध्ये पुन्हा सुरू झालं. ज्या डोंगररांगेत माडिया लोकांच्या ठाकूरदेवाची यात्रा भरते, तिथेच खाण. प्लॅटिनमच्या जगातल्या चांगल्या खाणीत टनाला चार-पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक अंगठी. बाकी जवळजवळ सगळा टन दळून कुठेतरी रचायचा. त्यात उरलेल्या सल्फाइडला हवा-पाणी लागलं की आम्ल सुटतं. आणि गोंडपिपरी तालुका वर्धा-वैनगंगेच्या मधे! 'प्लॅटिनम सापडलं' अशी बातमी वाचताना मी आधी टनाला किती ते बघतो आणि मग रचणार कुठे ते शोधतो. दुसरं सहसा छापलेलं नसतं.

आणि प्लॅटिनम-पॅलेडियम हवंच असेल तर भंगारातल्या गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहेतच की. त्यांच्या आतल्या सिरॅमिक जाळीत हे धातू टनाला किलोच्या हिशेबात मिळतात, आणि त्यासाठी डोंगर लागत नाही, भंगारवाला लागतो.