किती शिकायचं पोरीनं?

आमच्या घरात चार माणसं जमली की एक विषय हमखास निघायचा. माझ्या थोरल्या वन्संची लेक. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून ती एम.बी.बी.एस. झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी हौसेनं पेढे वाटले. पुढे मेडिसिनचं एम.डी. झाली, तेव्हाही कौतुकच केलं. पण त्यानंतर ती मेंदूविकाराचं डी.एम. करायला मुंबईला गेली, तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. २०२३ च्या दिवाळीत फराळाचं करता करता मी वन्संना ऐकवलंच, “अहो वन्सं, हिशेब तरी करा! साडेपाच, मग तीन, आता आणखी तीन. साडेअकरा वर्षं झाली की! किती शिकायचं पोरीनं? चांगली स्थळं काय थांबून राहणार आहेत?”

भाची शेजारीच चकल्या पाडत बसली होती. ती नुसती हसली.

मी साताऱ्याला एका शाळेत अर्धवेळ शिकवते. माझं माहेर सांगलीचं. २०२४ ची संक्रांत दोन दिवसांवर आली होती. शनिवारची सकाळची शाळा. पावणेनऊला आईचा फोन आला. “अगं, तुझ्या बाबांचं तोंड वाकडं झालंय. काय बोलतात ते कळत नाही. उजवा हात उचलेना. अंगावरून वारं गेलं की काय गं?”

“कधीपासून?”

“सातला चहाचा कप हातातून पडला. मला वाटलं, पित्तानं चक्कर आली. निजवलं, तळपायाला तेल चोळलं. गॅसवर वड्यांचा पाक होता...” पुढे तिला बोलवेना.

मला सुचलं ते एवढंच, की भाचीला फोन लावला. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “मामी, आजोबा शेवटचे अगदी धड कधी होते?” मी म्हटलं, सातला. “मग साडेअकराच्या आत इंजेक्शन मिळायला हवं. जितकं लवकर तितकं चांगलं. जिथं सी.टी. स्कॅन आहे आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, तिथंच न्यायचं. वाटेत दुसरीकडे थांबू नका. तोंडात पाणीसुद्धा घालू नका. बी.पी.ची गोळी आपल्या मनानं देऊ नका.” मग तिनं मिरजेच्या आपल्या जुन्या वर्गमित्राला विचारून दवाखाना पक्का केला. दादानं बाबांना गाडीत घातलं.

मी एस.टी. पकडली. साताऱ्याहून सांगली म्हणजे तीन तासांचा रस्ता. कराडला गाडी थांबली तेव्हा दादाचा फोन आला, “स्कॅन झालं. रक्तस्राव नाही. इंजेक्शन सुरू केलंय.” मी घड्याळ बघितलं. दहा वीस. तेवढ्यात अंगावर काटा आला. बाबा माझ्याकडे साताऱ्याला असते आणि ‘सांगलीच्या ओळखीच्या डॉक्टरांकडेच नेऊ’ म्हणून आम्ही निघालो असतो, तर ही सगळी वेळ रस्त्यातच गेली असती.

रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी भाचीशी तासभर बोलले. इतकी वर्षं ती काय शिकते, हे मी पहिल्यांदाच विचारलं. लाज वाटली.

ती म्हणाली, “मामी, पक्षाघात बहुतेक वेळा गुठळीनं होतो, पण काही वेळा मेंदूत रक्तस्रावही होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गुठळीला जे औषध तारतं, तेच रक्तस्रावात मारतं. म्हणून आधी स्कॅन.” माणसाचा पहिला सी.टी. स्कॅन १९७१ साली इंग्लंडमध्ये झाला. त्याआधी मोठमोठ्या डॉक्टरांनाही पुष्कळसा अंदाजच बांधावा लागे. गुठळीच्या इंजेक्शनचा उपयोग १९९५ साली सिद्ध झाला. तेव्हा मुदत तीन तासांची होती, २००८ पासून ती साडेचार तासांवर गेली. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून गुठळी बाहेर काढतात. त्याचा फायदा २०१५ साली पक्का झाला. पण ते करायचं तर डी.एम.नंतरही आणखी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं!

“आणि नुसतं पुस्तक नाही हं,” ती म्हणाली. “रात्री दोनला पेशंट आला की डोळे, चेहरा, हात, पाय, बोलणं बघून गुण मांडायचे, स्कॅन वाचायचा, इंजेक्शन द्यायचं की नाही ते काही मिनिटांत ठरवायचं. मोठी वाहिनी तुंबली असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. तीन वर्षं घालवायची ती त्या काही मिनिटांसाठी.”

दिवाळीतलं माझं बोलणं मला आठवलं. तिनं ते काढलं नाही.

बाबा चौथ्या दिवशी नीट बोलू लागले. आता काठी घेऊन गणपतीच्या देवळापर्यंत जातात. पण उजव्या हाताची बोटं अजून शर्टाची बटणं लावत नाहीत. आई लावते. लावताना तिचे डोळे भरतात. “ते पावणेदोन तास गं,” एवढंच म्हणते. मी तिला म्हणते, “आई, तुला कुणी शिकवलं होतं का? मी बी.ए. झालेली, मला तरी कुठं ठाऊक होतं?”

खरं म्हणजे शिकायचं ते दोघांनीही. डॉक्टरांनी साडेअकरा वर्षं, आणि आपण एक दुपार. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड – यातलं एक जरी एकाएकी दिसलं तर आधी घड्याळ बघा. पाक जळू दे. माणूस क्षणात बरं वाटतंय म्हणालं तरी न्याच. १०८ ला फोन करा. आणि आपल्या गावाजवळ रात्री-अपरात्री हे स्कॅन आणि इंजेक्शन कुठं मिळतं, ते आजच विचारून कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. मी साताऱ्याचंही लिहिलंय, सांगलीचंही.

नंतर एकदा वन्संकडे एक स्थळ आलं. मुलाच्या आईनं विचारलं, “किती शिकणार अजून?” वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “तिला हवं तितकं. थांबायची तयारी असेल तर पुढचं बोलू.”