डरहॅमची काळी रेघ

न्यूकॅसलला चिरंजीवांकडे मुक्काम असताना, २०२३ च्या मे महिन्यात, आम्ही उभयता डरहॅमचे कॅथीड्रल पाहून आलो. आगगाडीने जेमतेम पाव तासाचा प्रवास. वेअर नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या उंच खडकावर हे मंदिर उभे आहे. १०९३ साली त्याचा पाया घातला गेला आणि सुमारे चाळीस वर्षांत मुख्य काम पुरे झाले. आत अजस्र खांब, त्यांवर खोल कोरलेली नागमोडी नक्षी आणि दगडी फासळ्यांनी तोललेले छत. आम्ही मान वर करून पाहत होतो; सौ. मात्र खाली पाहत होती.

“अहो, ही रेघ कसली?”

फरशीत काळ्या दगडाची एक आडवी पट्टी बसवलेली होती. तेथील वृद्ध स्वयंसेविकेने शांतपणे सांगितले, “मठाच्या काळात बायकांनी ही रेघ ओलांडायची नसे.”

ज्यांच्यासाठी हे मंदिर उभारले ते संत कथबर्ट ६८७ साली निवर्तले. व्हायकिंगांच्या भयाने त्यांची शवपेटी खांद्यावर घेऊन अनुयायी वर्षानुवर्षे भटकले आणि ९९५ साली येथे स्थिरावले. संतांना स्त्रियांचे सान्निध्य खपत नाही, अशी समजूत पुढे रूढ झाली. १३३३ साली राणी फिलिपा राजाबरोबर मठात उतरली असता तिला रात्रीच अंगावरच्या कपड्यांनिशी किल्ल्यात जावे लागले, अशी कथा आहे.

आमची सारी नोकरी महसूल खात्यात, सीमांकनाच्या तंट्यांत गेली. रेघ दिसली की ती कोणी आखली आणि कोणत्या हुकमाने, हे विचारल्यावाचून राहवत नाही. चिरंजीवांच्या घरी परतल्यावर ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचली. संतांचे चरित्र लिहिणारे बीड सांगतात की, एल्फ्लेड या मठाधिपती राजकन्येच्या विनंतीवरून कथबर्ट गलबतातून एका बेटावर तिला भेटावयास गेले होते. म्हणजे संतांना स्त्रियांचे वावडे नव्हते. १०८३ साली जुन्या, संसारी धर्मसेवकांना दूर करून येथे ब्रह्मचारी भिक्षू आणले गेले; त्या नव्या व्यवस्थेला आधार म्हणून ही समजूत पसरली, असे अनेक इतिहासकार मानतात. रेघ संतांची नव्हे, सेवेकऱ्यांची! आणि योगायोग असा की, बीड यांची समाधी आहे ती पश्चिमेकडच्या, स्त्रियांना मोकळ्या असलेल्या गॅलिली चॅपेलमध्येच.

१५३९ च्या अखेरीस मठ बरखास्त झाला. १९९४ पासून त्या धर्मसंस्थेत स्त्रिया पुरोहित होऊ लागल्या, २०१५ साली पहिली स्त्री बिशप झाली. काळा दगड मात्र त्यांनी उखडला नाही. तो तसाच ठेवला आहे, पाहणाऱ्याने विचारावे म्हणून.

त्या दिवशी सौ.ने पदर सावरला, रेघ ओलांडली आणि वेदीमागे कथबर्टांच्या साध्या शिळेपाशी जाऊन हात जोडले. परतताना म्हणाली, “इतक्या जवळून देवापाशी पहिल्यांदाच उभी राहिले.”

हे वाक्य आम्हांस लागले. कोकणातील आमच्या कुळस्वामीच्या दर्शनाला इंदूरहून आम्ही चाळीस वर्षे जातो आहोत. पहाटे उठून, ओलेत्याने नैवेद्य ती रांधते. सोवळे नेसून ताट गाभाऱ्यात नेतो ते आम्ही. ती उंबऱ्याबाहेर. आणि आम्ही राहतो कोठे, तर जिने देशभर देवळे उभारली त्या अहिल्याबाईंच्या शहरात! हुकूम पाहिल्यावाचून एकही हद्द मान्य न करणाऱ्या आम्ही ही एक हद्द मात्र जन्मभर विनातक्रार मानली. कारण तिच्या आतल्या बाजूला आम्ही होतो.

पुजाऱ्यांशी वाद घालण्याचे बळ या वयात उरलेले नाही. पण येत्या खेपेस ताट तिच्याच हाती राहील, आणि आत सोडले नाही, तर उंबऱ्याबाहेर आम्ही तिच्या शेजारी उभे राहू.