हंगामी कारभार

३ फेब्रुवारी
घटना समितीच्या चर्चेचे खंड ग्रंथालयातून घरी आणले. मंत्रालयात आयुष्य गेलेल्या माणसाला भाषणांआधी व्यवस्था दिसते. अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, सही कोणाची चालणार, पगारबिल कोणत्या कायद्याखाली निघणार. १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीचं नेहरूंचं भाषण शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण १६ तारखेला एखाद्या कलेक्टरने कोणत्या अधिकारात हुकूम काढला?

उत्तर रुक्ष आहे. १९३५ च्या कायद्याच्या अधिकारात. ब्रिटिश संसदेच्या ज्या कायद्यावर काँग्रेसने वर्षानुवर्षं तोफा डागल्या, तोच थोडी काटछाट करून देशाची हंगामी राज्यघटना झाला. १८ जुलै १९४७ ला राजाची संमती मिळालेल्या स्वातंत्र्याच्या कायद्यातच तशी तरतूद होती. काटछाट करण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलना दिला, आणि त्याला मुदतही घातली: ३१ मार्च १९४८. ही तारीख मी वहीत वेगळी लिहून ठेवली. हंगामी अधिकाराला शेवटची तारीख घालणारा मसुदाकार माझ्या नोकरीत मला फार क्वचित भेटला.

५ फेब्रुवारी
आज १९४६ चं हंगामी सरकार. २ सप्टेंबरला नेहरूंनी सूत्रं घेतली. ऑक्टोबरअखेर मुस्लिम लीग आत आली तेव्हा तिला कोणतं मोठं खातं द्यायचं, हा प्रश्न पडला. पटेल गृहखातं सोडेनात. मग अर्थखातं लियाकत अली खान यांच्याकडे गेलं. मौलाना आझादांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की अर्थखात्याच्या मंजुरीशिवाय साधा चपराशीसुद्धा नेमता येत नाही, हे सरदारांना नंतर उमगलं. वाचून मोठ्याने हसलो. हे तर आमच्या कार्यासनावरच्या लिपिकानेही सांगितलं असतं! ज्याच्या हातात पैशाची टिपणी, त्याच्या हातात सरकार.

८ फेब्रुवारी
१५ ऑगस्टचं मंत्रिमंडळ चौदा जणांचं. यादी समोर ठेवून बराच वेळ बसलो. विधी खातं बाबासाहेब आंबेडकरांकडे, ज्यांनी काँग्रेसशी आयुष्यभर भांडण केलं. उद्योग श्यामाप्रसाद मुखर्जींकडे, म्हणजे हिंदू महासभेच्या नेत्याकडे. अर्थखातं जस्टिस पक्षात वाढलेल्या षण्मुखम चेट्टींकडे. रेल्वेला जॉन मथाई, टाटांकडून आलेले. संरक्षण बलदेव सिंगांकडे. आरोग्याला राजकुमारी अमृत कौर, यादीतली एकमेव स्त्री. आपल्या पुण्याचे काकासाहेब गाडगीळ बांधकाम, खाणी आणि वीज सांभाळत होते.

आंबेडकरांची गोष्ट तर निराळीच. ते घटना समितीवर निवडून आले होते बंगालमधून, आणि फाळणीत ती जागाच गेली. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने मुंबईची एक जागा रिकामी झाली होती. आंबेडकरांना तिथून निवडून पाठवा, असं राजेंद्रप्रसादांनी ३० जूनला मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर यांना कळवलं. महिन्याभरात काम झालं. ऑगस्टअखेर ते मसुदा समितीचे अध्यक्ष. यात उदारपणा किती आणि गरज किती, यावर लोक वाद घालतात. मला वाटतं, गरज ओळखायलाही मोठेपणा लागतो.

ही मोट फार काळ टिकली नाही. चेट्टी १९४८ मध्ये गेले, मुखर्जी आणि मथाई १९५० मध्ये, आंबेडकर हिंदू कोड बिलावरून १९५१ मध्ये. पण सुरुवातीची, सगळ्यात धोक्याची वर्षं तिने निभावली.

११ फेब्रुवारी
नाशिकरोडच्या छापखान्याचा पाकिस्तानशी असा संबंध असेल, हे ध्यानीमनी नव्हतं. पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती, म्हणून रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचं काम बघणार, असं ठरलं. गव्हर्नर होते आपले चिंतामणराव देशमुख. १९४८ मध्ये सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटांवर ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असा जादा मजकूर छापून त्या तिकडे चलनात आल्या. छापल्या नाशिकला! इकडे काश्मिरात लढाई चालू, पाकिस्तानला द्यायच्या पंचावन्न कोटींवरून रणकंदन, आणि बँकेचं हे काम सुरूच. ठरलेली मुदत सप्टेंबर १९४८ अखेरची होती, ती अलीकडे ओढून ३० जून केली. दुसऱ्या दिवशी कराचीत त्यांची स्टेट बँक उघडली.

१४ फेब्रुवारी
संध्याकाळी कट्ट्यावर अण्णा तावातावाने म्हणाले, “गोऱ्यांची चाकरी केलेल्या सगळ्यांना त्याच दिवशी घरी पाठवायला हवं होतं.”

“आणि मग निर्वासितांच्या छावण्यांना धान्य कोण पोचवणार होतं, अण्णा?”

हा वाद घटना समितीतही झाला होता. १० ऑक्टोबर १९४९ ला पटेलांनी आयसीएसवाल्यांची बाजू घेतली. त्यांच्या सेवाशर्तींची हमी थेट घटनेत घातली, कलम ३१४. ज्यांनी आपल्याला तुरुंगात टाकलं, त्यांच्या पेन्शनीची हमी! सभासद चिडले होते, ते समजण्यासारखं आहे. पण वारस तयार करण्याचं काम पटेलांनी आधीच हाती घेतलं होतं. आयएएस उभारायचा निर्णय १९४६ च्या ऑक्टोबरातला, आणि दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये पहिल्या उमेदवारांसमोर ते बोलले २१ एप्रिल १९४७ ला, स्वातंत्र्याच्या चार महिने आधी.

अण्णांचं एक म्हणणं मात्र खोडता आलं नाही. माणसं ठेवली तशी साहेबी ऐटही राहिली. कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात शेतकरी उभा राहतो तो कसा, हे मी नोकरीभर पाहिलंय.

१९ फेब्रुवारी
सभागृह तेच, सभासद तेच. घटना लिहायला बसले की घटना समिती, कायदे आणि अंदाजपत्रक घेतलं की विधिमंडळ. घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद मंत्रीही होते, तेव्हा विधिमंडळाच्या कामाला वेगळा सभापती हवा. १७ नोव्हेंबर १९४७ ला गणेश वासुदेव मावळंकर निवडले गेले. घराणं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. नवव्या दिवशी चेट्टींचं पहिलं अंदाजपत्रक आलं. साडेसात महिन्यांचा खर्च १९७ कोटी ३९ लाख, त्यातले जवळजवळ ९३ कोटी संरक्षणावर.

२२ फेब्रुवारी
शेवटचा खंड संपत आला. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. घटनेचं शेवटचं कलम ३९५. ज्या ब्रिटिश कायद्याने या समितीला अधिकार दिले, तोच कायदा त्या कलमाने रद्द केला. लंडनची संमती मागितलीच नाही.

सरहद्दीपलीकडे तोच कायदा, तीच तरतूद होती. तिथे १९३५ चा हंगामी कायदा १९५६ पर्यंत चालला, आणि मधेच १९५४ मध्ये गव्हर्नर जनरलनी घटना समितीच बरखास्त केली. इथे १९५२ च्या एप्रिलात हंगामी संसद गेली आणि निवडून आलेली लोकसभा आली. माझ्या मते पहिल्या पिढीचं खरं कर्तृत्व इथे आहे. हंगामी खुर्चीवर बसून त्यांनी ती वेळेवर सोडण्याची तयारी केली.

२५ फेब्रुवारी
तरी सगळ्याच हंगामी गोष्टी संपल्या नाहीत. घटना लागू होऊन महिना झाला नव्हता, आणि आजच्याच तारखेला, १९५० मध्ये, पटेलांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेचं विधेयक आणलं. रात्री झोप लागली नाही, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. त्याच दिवशी विधेयक संमत झालं. कायद्याची मुदत १ एप्रिल १९५१ पर्यंतच होती. मुदतवाढी मिळत मिळत तो ३१ डिसेंबर १९६९ पर्यंत चालला.